भाईंचा कान

भाई परबांना ऐकू येत नसे, आणि मालवणच्या बंदरावर कुणाचं इंजिन कुरकुरायला लागलं की ते ऐकायला भाईंनाच बोलावत. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, आणि आपण हसत नाही असं पाहून गप्प बसतो. त्याला मी बोल लावत नाही. लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा मलाही वाटलं होतं, सासरची माणसं नव्या सुनेची फिरकी घेताहेत.

आमच्या आणि त्यांच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, मधे कमरेइतका चिऱ्याचा गडगा. त्या गडग्यावरून कढीपत्ता, विरजण, गजाली आणि भांडणं यांची ने-आण चाले. पलीकडे भाई आणि त्यांची बायको सुमनवयनी अशी दोघंच. एक मुलगी, मेधा, ती लग्न करून पुण्याला. भाईंची उमेदीची सगळी वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. जहाजानं त्यांना घर दिलं, वयनींना काचेच्या बरण्या दिल्या आणि बदल्यात कान घेतले. डाव्यात काहीच उरलं नव्हतं. उजव्याबद्दल वयनी म्हणत, "त्या कानात 'जेवूक येवा' इतक्याच शिरता. बाकी सगळा भायर."

तर त्यांची ऐकायची रीत अशी. फूटभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे होता. मूठ दातांत धरायची, पोलादी टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं आणि डोळे मिटायचे. आवाज दातांतून हाडात जातो आणि हाडातून डोक्यात, असं ते सांगत. मुठीवर दातांचे खळगे पडले होते. बंदरावर त्या स्क्रूड्रायव्हरला 'भाईचो कान' असंच नाव होतं. "भाईनू, कान घेवन येवा," असा निरोप यायचा, आणि भाई बनियनवर सदरा चढवत निघायचे.

डोळे मिटले की त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वर जाई. ठोका पडला की बोट खाली, मग पुन्हा वर, पुढच्या ठोक्याची वाट बघत. ते बोट हलत असेपर्यंत जेटीवर कुणी बोलायचं नाही. मासे विकणाऱ्या बायकासुद्धा आवाज खाली आणत, आणि ज्यानं ती जेटी पाहिली आहे त्याला हे किती अवघड आहे ते कळेल. भाईंना त्या गोंगाटाचा काडीचा त्रास नव्हता, बहिऱ्याला कसला त्रास? पण मान तो मान. शेवटी ते डोळे उघडून मूठ तोंडातून काढत आणि न्यायाधीशाच्या थाटात सांगत, "दुसऱ्या सिलिंडरात आसा." इंजिन खोललं की तिथंच असायचं.

खोलण्याआधी गाऱ्हाणं. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, देवापुढे उभं राहून पुरुषमाणसानं गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही रीतच आहे. पण इंजिनासाठी गाऱ्हाणं घालणारे भाई एकटेच. "बा देवा म्हाराजा," ते सुरू करत, "आज ह्या इंजिन तुज्या पायाशी खोलतंव. खिळो हरवलो तर गावूंदे, कोणाचो हात अडाकलो तर सोडव, आणि परत जोडल्यावर एकादो खिळो उरलोच, तर तो मालकाच्या नजरेक पडू देव नको." खलाशी हसत हसत ओरडत, "व्हय म्हाराजा!" भाई मात्र हसत नसत. ते सगळं मनापासून चाललेलं असे.

भाई भले होते असं मी म्हणणार नाही. ते हेकट होते. बहिरेपणाचा ते सोयीनं वापर करत. आपलं म्हणणं सगळ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मांडत आणि समोरचा बोलायला लागला की पाठ फिरवत. वादात शेवटचा शब्द त्यांचाच, कारण नंतरचे शब्द त्यांना ऐकूच यायचे नाहीत. त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं, "यंत्र खोटां बोलणा नाय. माणूस बोलता." वयनींशी भांडतानासुद्धा हे वाक्य बाहेर पडे. मग वयनी हातवाऱ्यांनी विचारत, मी कोण, यंत्र की माणूस?

पण चतुर्थीला त्यांच्या घरी भजन असायचं, ते बघण्यासाठी मी हातातलं काम टाकून जायची. मंडळी बसली, बुवांनी पेटी पुढे ओढली, की भाई सरकत सरकत पेटीशी जात आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या लाकडाला टेकवत. मूठ दातांत, डोळे मिटलेले. बुवा वैतागून म्हणत, "भाईनू, पेटी बिघडाक नाय हां!" भाईंना ते ऐकू जायचं नाही. गजर चढायला लागला की त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर यायचं आणि टोक पेटीवरून हलेल म्हणून त्यांना ते पुसताही यायचं नाही. वयनी पदरानं पुसत. एरवी दिवसभर त्या माणसाच्या नावानं बोटं मोडणारी बाई ती. मला त्या क्षणी दोघांचाही हेवा वाटायचा, हे आज सांगून टाकते.

आता त्या कंप्युटरचं. मेधा पुण्याला गेली तेव्हा तिचा कॉलेजातला कंप्युटर इथंच राहिला. मूळचा पांढरा, खाऱ्या हवेनं पिवळा पडलेला. पुढे तिनं त्यात भाईंना एक नकाशा काढून दिला. समुद्रात कुठलं जहाज कुठं आहे ते त्यात छोट्या छोट्या खुणांनी दिसतं. भाईंची दुपारची झोप त्या दिवसापासून संपली. मी शाळेच्या ग्रंथालयातून घरी आले की खिडकीतून हाक यायची, "शुभा गो, हंय ये. हो बघ, कोळसो घेवन चललो. आता विजयदुर्गाभायर पोचतलो." मी म्हणायची, पोचू दे, मला आधी चहा पिऊ दे. ते त्यांना ऐकू जायचं नाही, म्हणून मी जायची.

रोज कंप्युटर सुरू केला की आधी त्याच्या डब्याला स्क्रूड्रायव्हर लावायचा आणि मगच नकाशा. जहाजावर पाळीवर जाताना असंच करत म्हणे. अशाच एका वैशाखात त्यांनी जाहीर केलं, "कंप्युटरात कोणतरी रवता." वयनींनी कपाळाला हात लावला. भाईंनी डब्यावर इकडून तिकडे टोक फिरवलं, एका जागी थांबले आणि खडूनं गोल काढला. मग गाऱ्हाणं. म्हाराजा म्हणायला आम्ही दोघीच होतो. वयनी म्हणाल्या, "व्हय म्हाराजा, पण आमटी निवता." डबा उघडला तर बरोबर खडूच्या गोलामागे, पंख्याच्या जाळीला, कुंभारीण माशीनं मातीचं घरटं केलेलं. पंख्याचं पातं त्याला घासत होतं. भाईंनी ती मातीची ढेकळी बशीत ठेवून वाडीभर फिरवली. आमच्या घरी ती बशी दोनदा आली.

त्यांचा कान हा असा होता. पुढचं सांगण्याआधी हे सांगायलाच हवं होतं.

त्याच वर्षी चतुर्थी झाली, गणपती गेले, आणि एका दुपारी भाई खिडकीतून मोठ्यानं म्हणाले, "शुभा, परत आसा. पण ह्यो आवाज येगळो." घासण्याचा नव्हे, ठोक्याचा. त्यांनी बोटानं दाखवला. टक्, टक्, टक्. मग बोट वरच राहिलं. मग पुन्हा टक्. "मधीच एक खाता," ते म्हणाले. "बिघाड आतल्या आत आसा."

डबा उघडला. कुंभारीण नव्हती, मुंग्या नव्हत्या, पालीचं अंडं नव्हतं. बाजारात कंप्युटर दुरुस्त करणारा प्रसाद म्हणून आहे, मेधाच्या वर्गातला, त्याला बोलावलं. त्यानं डब्याला कान लावला, यंत्रं जोडून पाहिली, आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, 'काहीच बिघाड नाही.' भाईंनी कागद परत केला. "तुजे कान बरे आसत," ते म्हणाले, "म्हणान तुका आयकाक येणा नाय."

या उत्तरावर आम्ही आठवडाभर हसलो. प्रसादही हसला, आणि भाईंच्या समाधानासाठी त्यानं पंखा बदलला. ठोका तसाच. मग डिस्क बदलली. मग वीज पुरवणारा डबा बदलला. असं करता करता त्या कंप्युटरात मेधाच्या वेळचं काही उरलं नाही, आणि ठोका काही जाईना. भाई नकाशा उघडायचे विसरले. जहाजं कुठून कुठं गेली याची त्यांना शुद्ध नव्हती. दुपारभर डब्याला टोक लावून बसत आणि त्यांचं बोट वर-खाली होत राही.

तोवर मला ही सगळी मजाच वाटत होती. मग दत्तूचं प्रकरण झालं.

दत्तू हा बंदरावरचा ट्रॉलरवाला. बोलायला गोड, भाईंना बापासारखं मानणारा. ऐन बांगड्याच्या दिवसांत त्याच्या इंजिनानं जरा धूर टाकला म्हणून त्यानं भाईंना नेलं. भाईंनी कान लावला. बोट वर-खाली झालं, मधे अडकलं, पुन्हा सुरू झालं. ते म्हणाले, "बेअरिंग गेला. असोच गेलंस तर मधी दर्यात बंद पडतलां." भाईंच्या शब्दावर दत्तूनं ट्रॉलर वर ओढला. गाऱ्हाणं झालं, इंजिन खोललं. बेअरिंग नव्यासारखं होतं. अख्खं इंजिन ठणठणीत होतं. धूर नुसत्या घाणेरड्या फिल्टरमुळे येत होता. इंजिन परत जोडेपर्यंत बांगड्याचा मोठा थवा आला आणि बाकीच्यांच्या जाळ्यांत जाऊन संपला.

दत्तूनं राग दाखवला नाही. हे सगळ्यात वाईट झालं. तो नेहमीसारखा हसला आणि त्यानं भाईंना घरी आणून सोडलं. पण पुढच्या खेपेला कुणाचं इंजिन कुरकुरलं तेव्हा माणूस देवगडहून आला. भाई जेटीवर उभे होते, त्यांच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता आणि त्यांच्या समोरून तो देवगडचा माणूस बोटीवर चढला. मी मासे घ्यायला गेले होते. भाईंनी मला पाहिलं आणि ते उगाचच समुद्राकडे बघायला लागले.

'भाईचो कान गेलो.' हे वाक्य बंदरावर कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. पण आयुष्यभर लोकांचे ओठ आणि चेहरे वाचलेला माणूस तो. एका संध्याकाळी गडग्यापाशी येऊन त्यांनी मला हळू आवाजात विचारलं. भाईंचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"शुभा गो, माजो कान गेलो म्हणतत. खरां?"

मी मान हलवली, नाही नाही म्हणून. मला खोटं नीट बोलता येत नाही.

"कंप्युटरात आवाज आसा," ते म्हणाले. "माका रोज आयकाक येता. तो गावलो, की कान बरो. नाय गावलो तर..."

तेव्हा मला कळलं की ही मजा नव्हती. त्या पिवळ्या डब्यात त्यांचं सगळं अडकलेलं होतं. सापडलेला प्रत्येक आवाज, मुठीवरचे खळगे, जेटीवर बायकांनी खाली आणलेले आवाज. कान नसलेल्या माणसाचा कान जर गेला, तर मग भाई म्हणजे नुसता मोठ्यानं बोलणारा एक बहिरा म्हातारा. वाडीत तसे आणखी आहेत. त्यांना कुणी बोलवायला येत नाही.

मी कागदावर लिहून दाखवलं, 'दुसऱ्या कशाला तरी टोक लावून बघा. मिक्सरला लावा, दाराला लावा. तिथं आवाज येत नसेल तर तो कंप्युटरातच आहे.' किती साधी गोष्ट! शाळेतल्या पोरालाही सुचली असती. भाईंनी वाचलं. चेहरा लाल झाला. "माका शिकवतंस?" ते ओरडले आणि पाठ फिरवून घरात गेले. मला राग आला. इतका आला की दोन दिवस मी गडग्याकडे फिरकले नाही. पुढे विचार करताना लक्षात आलं, ते रागावले नव्हते. ते भ्याले होते. दाराला टोक लावून बघण्याची त्यांना छातीच होत नव्हती.

त्या दिवसांत ते कधी कधी खळ्यात मधेच थांबायचे आणि गडग्यावर हात टेकून, मान खाली घालून उभे राहायचे. मला वाटायचं, आता चिऱ्यांतही आवाज शोधताहेत. वयनी म्हणायच्या, "चक्कर येता तेंका. कंप्युटरान याड लावल्यान. बघशीत, एक दिवस तो डबो बावीत टाकून येतलंय." विहिरीत टाकण्याची ही धमकी त्यांनी इतक्यांदा दिली की विहीर भरून गेली असती. पण त्या जेवणाच्या हाका आता दोन-दोनदा मारत होत्या. भाईंना तेवढंही ऐकू येईनासं झालं होतं, की ते उठतच नव्हते, कोण जाणे.

मग ती दुपार. मी शिरवाळ्यांचा, तांदळाच्या शेवया गाळायचा, साचा मागायला गेले होते. भाई कंप्युटरपुढे, पाठ दाराकडे, मूठ दातांत, टोक डब्याला, डोळे मिटलेले. पडद्यावर नकाशा होता, डोक्यावर पंखा फिरत होता. मी आणि वयनी दारात उभ्या राहून शिरवाळ्यांच्या गोष्टी करत होतो. इतक्यात वीज गेली. आमच्याकडे ती जातेच, त्यात नवल नाही. पडदा काळा झाला. डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला. कंप्युटरचा पंखाही थांबला. घर एकदम शांत झालं.

भाईंचं बोट वर-खाली होतच होतं.

टक्, टक्, टक्. वर राहिलं. टक्.

वयनींनी माझा दंड धरला. आम्हा दोघींना एकाच वेळी दिसलं. पुढे जाऊन त्यांना हलवावं, हेसुद्धा सुचलं नाही. यंत्राची घरघर थांबलेली भाईंना आमच्या आधी कळली असणार. त्यांच्या दातांना ती कळल्यावाचून राहणं शक्य नव्हतं. तरी त्यांनी डोळे लगेच उघडले नाहीत. बोट अजून थोडा वेळ चालू राहिलं. मग त्यांनी डोळे उघडले, काळा पडदा पाहिला, वर बघून थांबलेला पंखा पाहिला. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्यावरून उचललं आणि तसंच हवेत धरलं. मूठ दातांतच होती. बोट पुन्हा एकदा खाली आलं.

त्यांनी मूठ तोंडातून काढली, सदऱ्याला पुसली. वळून आम्हाला दारात पाहिलं, पण दचकले नाहीत.

"सुमन," ते म्हणाले, "यंत्र खोटां बोलणा नाय. आमीच चुकीच्या यंत्राक धरून बसलंव."

वयनी रडल्या नाहीत. त्यांनी पदर कमरेला खोचला. "चप्पल घाला," असं तोंडानं म्हणाल्या आणि हातानंही दाखवलं, म्हणजे ऐकू न आल्याची सबब नको.

बाजारातल्या डॉक्टरांकडे मीही गेले, लिहून दाखवायला कुणीतरी हवं म्हणून. डॉक्टरांनी नळी कानाला लावून दुसरं टोक भाईंच्या छातीवर ठेवलं. भाई त्या नळीकडे कौतुकानं बघत होते. "तुमचो कान पण असोच?" त्यांनी विचारलं आणि पिशवीतून आपला काढला. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत मूठ दातांत गेली होती आणि टोक बरगडीवर टेकलं होतं. दोघंही ऐकायला लागले. भाईंचं बोट हलत होतं, डॉक्टरांची नजर घड्याळावर होती. मधेच डॉक्टरांची भुवई उचलली गेली आणि ते मला म्हणाले, "हा बघा, आत्ता एक चुकला." मी भाईंकडे पाहिलं. त्यांचं बोट वरच थांबलेलं होतं.

डॉक्टर सांगत होते ते मी कागदावर उतरवत होते. हृदयाचे ठोके फार सावकाश पडताहेत, मधले गळताहेत, जे पडताहेत ते जोरानं पडताहेत, म्हणून यांना ते डोक्यात ऐकू येताहेत. गोव्याला न्या, उशीर करू नका, छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागेल. वयनी भिंतीला टेकल्या. पदराचा बोळा तोंडात घालून त्या आता रडायला लागल्या.

भाईंनी कागद वाचला. आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांना आनंद झाला होता. मरणाची चिठ्ठी वाचावी आणि आनंद व्हावा, असा माणूस! "शुभा!" ते त्या छोट्या दवाखान्यात ओरडले, बाहेर बसलेले रोगी आत डोकावले, "कान बरो आसा! आयकलंस? कान बरो आसा माजो!"

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसाद आपली गाडी घेऊन आला. मेधा पुण्याहून थेट गोव्याला निघाली होती. मी शाळेपर्यंत त्यांच्याबरोबर जाणार होते. निघण्याआधी वयनी देवापुढे नारळ ठेवून उभ्या राहिल्या, आणि प्रसाद पुढे होऊन गाऱ्हाणं घालणार इतक्यात त्यांनी त्याला हातानं थांबवलं. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे पद्धत नाही. वयनींनी घातलं. "बा देवा म्हाराजा," त्या म्हणाल्या. "ह्येच्या हातान आजपावत सगळ्यांची इंजिना चालू झाली. आज ह्येचां खोलतत. खोलणाऱ्याच्या हाताक यश दी. आणि ह्येका माज्या घराक परत धाड."

"व्हय म्हाराजा," मी आणि प्रसाद म्हणालो. भाई वयनींच्या ओठांकडे बघत होते. त्यांनीही म्हटलं, सगळ्यात मोठ्यानं.

गाडी बंदराशी आली तशी भाईंनी प्रसादच्या खांद्यावर थाप मारून ती थांबवायला लावली. वयनी नको नको म्हणत असताना ते उतरले. मीही उतरले आणि त्यांचा हात धरला. जेटीवर सकाळचा बाजार भरला होता. दत्तू ट्रॉलरवरून टोपल्या उतरवून घेत होता. भाई त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आपल्या नेहमीच्या, वाडीला ऐकू जाणाऱ्या आवाजात सांगितलं:

"दत्तू, तुजां इंजिन बरां होतां. त्येचो काय्येक दोष नाय. बेअरिंग माजां गेलाहा." त्यांनी छातीवर हात ठेवला. "कानान बरोबर सांगल्यान. मीच यंत्र चुकलंय. तुजो हंगाम बुडालो, त्याका माफी कर."

बायकांचे आवाज खाली आले. कुणी सांगितलं नव्हतं. दत्तूनं हातातली टोपली खाली ठेवली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. उठताना म्हणाला, "भाईनू, बरे होवन येवा. फुडल्या मयन्यात इंजिन खोलूचा आसा." मला ठाऊक होतं, त्याच्या इंजिनाला काही झालेलं नव्हतं. भाईंनाही ठाऊक असणार. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

गोव्याला ते पोचले. भरती झाले. मेधा भेटली. यंत्र बसवायचा दिवस ठरला, त्याच्या आदल्या पहाटेच ते गेले. वयनी आता पुण्यात असतात. गडग्यापलीकडचं घर बंद आहे. कंप्युटर आत कापडाखाली झाकलेला आहे. त्याच्यात काहीही बिघाड नाही.

पण माझे भाई गोव्यात गेलेले नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जेटीवरून. मी त्यांना गाडीत बसवलं, दार लावलं आणि तिथून शाळेला चालत जाते म्हणून थांबले. गाडी हलली. मागच्या काचेतून मला ते दिसले. वयनींनी त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. भाईंनी मान वाकवून मूठ दातांत धरली होती आणि टोक स्वतःच्या छातीवर टेकवलं होतं. बोट वर गेलं, खाली आलं. वर गेलं, खाली आलं. त्या गर्दीत मी बोटाकडे बघत उभी होते आणि माझाही श्वास त्याच्याबरोबर वर-खाली होत होता. गाडी वळणावर आली तेव्हा ते बोट वर होतं. खाली आलेलं मी पाहिलं नाही.